रबराचे भोंगे

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला भाड्याचं विचारलं नाही, गाव विचारलं नाही, घरात माणसं किती तेही विचारलं नाही. ओसरीच्या पायरीवर बसून ते एका जुन्या दोराचा पीळ सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "खिडकी उघडी ठेवणार, का लावून घेणार?"

मला वाटलं, चोरांची भीती असेल. मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं."

"म्या काय म्हणतोय त्ये सोड. तू काय करणार त्ये सांग."

"उघडी ठेवू."

"थंडीतबी?"

"थंडीतही."

"मग ऱ्हा."

एवढ्या बोलण्यावर आम्हाला सांगलीत घर मिळालं. लढाई सुरू होती. कऱ्हाडातला मी कामाला होतो तो छापखाना कागदाअभावी बंद पडला होता आणि सांगलीच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचं काम मिळालं म्हणून मी बायकोला, इंदूला घेऊन आलो होतो. मी कंपोझिटर आहे असं सांगितल्यावर त्यांनी तो शब्द तोंडात दोनदा घोळवला. त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. मी कायमचा "कंपोझिटर" झालो. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

आबा पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. सोळाव्या वर्षी ते कळप सोडून मुंबईला पळाले आणि गोदीत जाऊन बोटीवर चढले. तीस वर्षं त्यांनी आगवाल्याचं काम केलं. आगवाला म्हणजे आगबोटीच्या पोटात, बॉयलरपुढं उभा राहून भट्टीत कोळसा मारणारा माणूस. गल्लीतले लोक त्यांना थट्टेनं कप्तान म्हणत, त्याचा त्यांना राग यायचा. "कप्तान वर आसतुया," ते म्हणायचे. "म्या खाली हुतो. तीस वर्सं दर्या माज्या डोस्क्याच्या वर हुता. म्या त्यो बघितला कितीसा?"

वाऱ्याचं त्यांना वेड होतं. कुणाच्या घरी गेले की पाट पुढं केला तरी लगेच बसायचे नाहीत. मधोमध उभे राहायचे, एक बोट तोंडात ओलं करून वर धरायचे, आणि वारा कुठून येतो ते कळलं की मग तिथं बसायचे. एका लग्नात मांडवाची कनात बांधणाऱ्यांशी त्यांनी एवढं भांडण काढलं, की शेवटी पूर्वेच्या अंगाची कनात सोडावी लागली, आणि अक्षता पडताना भटजींचं उपरणं उडून नवरदेवाच्या तोंडावर गेलं. स्वतः बारा महिने ओसरीवर झोपायचे. माघाच्या थंडीत मी एकदा म्हणालो, "आबा, आत झोपा की." ते म्हणाले, "आत झोपून बघितलंय. तीस वर्सं."

घराच्या मागं परड्यात, लाकडाच्या टेकूंवर, त्यांची बोट उभी होती. लहानशी शिडाची बोट. संस्थानात नोकरीला असलेल्या एका इंजिनिअर साहेबानं ती हौसेनं मुंबईहून आणवली होती आणि बंधाऱ्याच्या वरच्या भरल्या पाण्यात तो संध्याकाळी ती चालवायचा. समुद्रावरून परत आल्यावर आबांनी त्या बोटीची राखण धरली. लढाई लागली तसा साहेब निघून गेला. जाताना आबांना म्हणाला, ठेव तुला. आबांनी आठ बैल जुंपून ती नदीतून परड्यात ओढून आणली. मी बघितली तेव्हा तिचा रंग उडाला होता, शीड उंदरांनी खाल्लं होतं, आणि मधल्या बुटक्या खोलीच्या छतावर चार काळपट, भेगाळलेले, मान वाकडी केलेले रबराचे भोंगे होते.

बाकी बोटीची हयगय चालली तरी आबांचा जीव त्या चार भोंग्यांत होता. ग्रामोफोनचा कर्णा वाकवून उभा करावा तसा त्यांचा आकार. तोंड वाऱ्याकडं केलं की वारा नळीतून खालच्या खोलीत उतरतो. तोंड फिरवून पाठ वाऱ्याकडं केली की तोच भोंगा खोलीतली कोंदट हवा बाहेर ओढतो. "आमच्या आगबोटीवर ह्ये लोखंडाचं आसायचं," आबा म्हणाले, "माणूस उभा मावंल येवढं. ह्ये बग कसं हातात मावत्यात. आन रबराचं का? शिडाचा दोर आडकला तर लोखंड मोडतंय न्हाईतर दोर तोडतंय. ह्ये वाकतंय, आन दोर सुटला की परत उभं ऱ्हातंय."

साहेबाच्या नोकरानं कधीतरी त्यांना दाराखिडक्यांचा तेलरंग फासला होता. रबर वाकलं की तो तडकायचा. भाजल्या पापडासारखे त्याचे पोपडे सुटत. खालचं रबर उन्हानं पांढरं पडून त्याची भुकटी हाताला लागे. आम्हाला येऊन तीन वर्षं होत आली तेव्हा आबांनी ठरवलं, दसऱ्याला बोट पाण्यात न्यायची, आणि त्याआधी भोंगे नव्यासारखे करायचे. मलाही त्यांनी कामाला लावलं. छापखान्यात कागद नसायचा, आठवड्यातले दोन-तीन दिवस मी रिकामाच असे.

आणि तिथं मी पहिल्याच दिवशी घोटाळा केला. त्यांनी एक भोंगा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्येचा जुना रंग काढून ठेव." ते बाजारात गेले. आम्ही छापखान्यात खिळे आणि शाई सगळं रॉकेलनं धुतो. मी डब्यात रॉकेल ओतलं आणि भोंगा त्यात बुडवून ठेवला. संध्याकाळी काढला तर तिंबलेल्या कणकेसारखा फुगलेला, लिबलिबीत, तोंड एका अंगाला लोंबतंय. रंग मात्र झकास निघाला होता.

लढाईमुळं रबर कुठं बघायला मिळत नव्हतं. सायकलवाले फाटक्या ट्यूबचे तुकडेसुद्धा जपून ठेवत. आबा आले, त्यांनी तो भोंगा दोन्ही हातांवर घेतला आणि त्याचं लोंबतं तोंड सरळ धरून बघितलं. मी म्हणालो, "आबा, चुकलं माझं."

"माजं चुकलं," ते म्हणाले. "तू कशानं धुतोस त्ये म्या इचारलंच न्हाई. तुज्या छापखान्यात रॉकेल चालत आसंल. रबराला ती दारू हाय. पितंय आन फुगतंय."

मग त्यांनी भोंगा सावलीत दोरीला टांगला. दीड महिन्यात रॉकेल उडून तो आक्रसला, पण तोंड वाकडं ते वाकडंच राहिलं. त्याचं नावही त्यांनी 'कंपोझिटर' ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "ह्यो एक कंपोझिटर, आन त्यो एक कंपोझिटर." यापलीकडं त्या गोष्टीबद्दल मला कधी बोल लागला नाही. माझ्या वडिलांनी मला याहून लहान चुकीसाठी घराबाहेर उभं केलेलं होतं.

उरलेले तीन त्यांनी स्वतः शिकवून माझ्याकडून करून घेतले. रिठ्याच्या पाण्यानं धुवायचे, ओल्या काचपेपरनं भुकटी जाऊन काळं रबर दिसेपर्यंत हलक्या हातानं घासायचे. भेगा भरायला पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन मिळेना, तेव्हा आबांना बोटीतल्या पेटीत साहेबाचे टेनिसचे जुने बूट सापडले. त्यांचे तळ कच्च्या रबराचे होते. ते त्यांनी विळीवर सुपारीसारखे कातरले आणि बरणीत पेट्रोलमध्ये भिजत घातले. पेट्रोल तरी कुठं होतं? इस्लामपूरची मोटार त्या दिवसांत कोळशाच्या गॅसवर चालायची; मागं एक उंच भट्टी बसवलेली असे आणि क्लीनर ती पंख्यानं फुलवत बसे. फक्त मोटार चालू करण्यापुरतं ड्रायव्हरजवळ थोडं पेट्रोल असायचं. आबांनी आठ दिवस त्याची भट्टी फुकट साफ करून दिली आणि बाटलीभर पेट्रोल आणलं. बरणीतलं रबर विरघळून काकवीसारखं दाट झालं. त्यानं भेगा भरल्या, आतून ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. मग त्याच काकवीत सफेदा कालवून बाहेरून पांढरा हात, आणि आतल्या तोंडाला तांबडा. तांबड्यासाठी आबांनी किराणा दुकानातून शेंदूर आणला.

"आतनं तांबडाच का?" मी विचारलं.

"साहेबाचा हुता तसा. आन दुरनं दिसतंय, तोंड कुणीकडं हाय त्ये."

हात अगदी पातळ द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. वाळल्यावर ते मला म्हणायचे, "दाब मूठ." मी भोंग्याचं तोंड मुठीत चुरगाळायचो. सोडलं की तो फुलासारखा उघडायचा. ते चष्मा लावून रंगावर चीर शोधायचे. चीर नसली की म्हणायचे, "आता ह्येनं वारं प्यावं."

त्याच दिवसांत इंदूचे दिवस भरत आले.

आमचं पहिलं मूल तिच्या माहेरी, वाळव्याकडच्या खेड्यात झालं होतं आणि नवव्या दिवशी गेलं होतं. मुलगा होता. सगळे म्हणाले, वारं लागलं. इंदूच्या आईनं ते मनावर घेतलं. ती बाई शेतात दोन गड्यांचं काम करणारी, कुणाला न भिणारी. पण त्या मुलानंतर वाऱ्याला भिऊ लागली. या वेळी तीच सांगलीला आली. आल्या दिवशीच तिनं खोलीची खिडकी लावली, फटींत जुनेराचे बोळे कोंबले, दाराच्या खाली गोणपाट सारलं आणि आत शेगडी पेटवली. भाद्रपद चालू होता. पाऊस चिकट लागलेला, भिंतींना ओल. मुलगी झाली, चांगली रडली, आणि दार लागलं.

आबांच्या त्या दिवसांत नुसत्या येरझाऱ्या चालल्या. परड्यातून ओसरीवर, ओसरीवरून परड्यात. शेवटी दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "आक्का, वाईच खिडकी किलकिली करा. कोळसा हाय आत."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आबा, घर तुमचं हाय. पर बाळातपण माजं हाय. एक घालवलंय म्या. दुसरं न्हाई घालवायची."

आबा परड्यात परतले. खरं सांगायचं तर मलाही वाऱ्याचीच भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही दोघं परड्यातल्या छपराखाली भोंग्यांना आतून शेंदराचा शेवटचा हात देत होतो. सासूबाई गरम पाणी न्यायला बाहेर आल्या. चुलीपाशी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "डोस्कं लय धरलंय सकाळधरनं," त्या म्हणाल्या. "जागरानं आसंल. दोघी मायलेकी मातुर कशा निवांत निजल्यात. आन पोरीच्या तोंडावर काय लाली आलीया! बघत ऱ्हावं."

आबांचा हात थांबला. "लाली?"

"व्हय. डाळिंबावानी."

त्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. साठीतला तो माणूस एवढ्या वेगानं उठू शकेल असं मला वाटलं नव्हतं. "कंपोझिटर, दार उघड! आधी दार!"

मी धावलो आणि दारापाशी जाऊन थबकलो. बाळंतिणीची खोली, सोयर. पुरुषानं आत पाऊल टाकायचं नाही. मी मागं वळून सासूबाईंच्या तोंडाकडं बघितलं. किती वेळ बघितलं असेल? एक श्वास, दोन श्वास. पण ते दोन श्वास मी आजही विसरलेलो नाही. आबांनी मला खांद्यानं बाजूला ढकललं आणि दार लाथेनं आत लोटलं.

आतली ऊब तोंडावर आली. वास कसलाच नव्हता. आबांनी पोर उचललं आणि माझ्या हातांत कोंबलं. "भाईर! ओसरीवर!" मग त्यांनी इंदूला काखेत धरून ओढत आणलं. तिची मान लुळी पडली होती, डोळे अर्धे उघडे. तिच्या फिक्या पातळावर, दोन्ही खांद्यांवर, आबांच्या शेंदराच्या बोटांचे ठसे उठले होते. आबा परत आत गेले आणि शेगडी उघड्या हातांनी उचलून त्यांनी अंगणातल्या पावसात फेकली.

सासूबाई ओरडत होत्या, "आवं, वारं लागंल! मारताय व्हय पोरीला? त्या पावसात कुठं न्हेताय?" आणि माझ्या हातातून पोर ओढायला बघत होत्या. आबांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. ते पोरीचे तळवे टिचक्यांनी मारत होते, पाठ चोळत होते. "घे, बये. घे वारं. घे." पोर डाळिंबासारखं लाल होतं आणि हलत नव्हतं. ओसरीवर नदीकडून पावसाळी वारा येत होता. सासूबाईंनी हात मागं घेतले. तेवढ्यात इंदूला उलटी झाली आणि ती कण्हली. आणि मग, बऱ्याच वेळानं असं मला वाटलं, पोरीनं तोंड वाकडं केलं, एक उचकी दिली आणि रडायला लागली. सुरुवातीला मांजराच्या पिलासारखी, मग चांगली गल्लीला ऐकू जाईल अशी.

आबा तिथंच फरशीवर बसले. हात भाजले होते, त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

डॉक्टर आले, त्यांनी दोघींना तपासलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही उरलं नसतं म्हणाले. ते गेल्यावर सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता हितं उघड्यावर किती येळ ठेवायचं? आत न्ह्याया पायजे. पर खिडकी न्हाई उघडायची, आबा. थंड वारं सरळ अंगावर येतंय."

आबा त्यांच्यापुढं खाली जमिनीवर बसले. हाताला खोबरेल लावून मी फडकं गुंडाळलं होतं. "आक्का," ते म्हणाले, "मगाशी म्या तुमास्नी इचारलं न्हाई. तवा इचारायला येळ न्हवता. आता हाय. म्हणून सांगतो त्ये ऐका, मग न्हाई म्हणा."

आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी तीन वर्षांत मला कधी सांगितली नव्हती.

त्यांच्याबरोबर भट्टीवर एक कोकणातला पोरगेला आगवाला होता. तांबड्या समुद्रात एकदा वारा बोटीच्या मागून वाहू लागला, तोही बोटीहून जास्त वेगानं. भोंग्यांची तोंडं पुढं होती. खाली हवा उतरेना. भट्टीचा गॅस मागं फिरून खाली साचला. आबांचं डोकं धरलं, म्हणून ते भोंगे फिरवायला सांगावं म्हणून वर गेले. वरच्या माणसानं सांगितलं, थांब, साहेबाला विचारून येतो. आबा थांबले.

"थांबलो, आक्का. भोंगा माज्या हाताशी हुता. म्या फिरवला आसता तर फिरला आसता. पर परवानगी पायजे म्हणून उभा ऱ्हायलो. खाली आलो तर पोरगं कोळशावर पडल्यालं. आन तोंड लाल. झोपल्यावानी. लाली आल्याली." त्यांनी अंगणात पडलेल्या शेगडीकडं बघितलं. "तुमी इस्लामपूरहून आला ती मोटार कशावर चालती? मागल्या भट्टीतनं कोळशाचा गॅस निघतो त्येच्यावर. येवढी मोटार वढतोय त्यो. त्योच गॅस ह्या खोलीत साचला. येकदा सांगून म्या गप बसलो, ही चूक माजी."

सासूबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "आमचा पयला... त्येच्यापाशीबी शेगडी हुती. त्योबी...?"

मी आबांकडं बघितलं. ते म्हणाले, "त्ये आता कुणाला ठावं, आक्का? म्या तिथं न्हवतो. तुमी जीव लावला हुता, येवढं खरं."

मग त्यांनी उपाय सांगितला. शेगडी आत नको. विटा तापवून फडक्यात गुंडाळून पायांशी ठेवा. खिडकी बंद असू द्या. छपराची दोन कौलं काढून भोंगा बसवतो. पाठ वाऱ्याकडं ठेवली की तो आतली हवा वर ओढेल, आणि दाराखालचं गोणपाट काढलं की नवी हवा जमिनीलगत हळू येईल. अंगावर झोत कुठंच नाही.

सासूबाईंनी छपराकडं बघितलं. "लावा," त्या म्हणाल्या.

परड्यात तीन चांगले भोंगे होते आणि एक माझ्या हातानं बिघडलेला. मी तो वाकडा आणला. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी परत फिरलो. "बाळातिणीला वाकडा द्यायचा व्हय रं? त्यो आण. त्यो मधला." मधला सगळ्यांत सुरेख झाला होता, एकही चीर नसलेला. भाजल्या हातांनी त्यांना शिडी चढता येईना. मी चढलो आणि ते खालून सांगत राहिले. रबराचा असल्यामुळं तो दाबून कौलांच्या मधे घट्ट बसला. पांढरा भोंगा, आतून शेंदराचा लाल, मान वळवून आमच्या छपरावर उभा. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांनी दुसऱ्या दिवशी खालून त्याला हात जोडले, आणि कुणीतरी दारात फुलं ठेवून गेलं.

पहिले दोन दिवस सासूबाईंनी त्याच्याकडं संशयानं बघितलं. त्यांचं डोकं दुखायचं थांबलं. पोर दूध ओढू लागलं. चौथ्या दिवशी मी छापखान्यातून आलो तर त्या अंगणात उभ्या राहून, बोट ओलं करून वर धरून, आबांना सांगत होत्या, "आवं आबा, वारं फिरलं की! भोंगा फिरवायचा न्हाई व्हय? का आमीच चढायचं शिडीवर?"

दसऱ्याला बोट पाण्यात गेली, तीन भोंगे घेऊन. चौथ्या भोकात लाकडाचा गुट्टा ठोकला होता. तेव्हा कळलं की आबांना शीड चालवता येत नाही. तीस वर्षं खाली होते, शिकणार कुठं? बोट दोनदा गोल फिरली. काठावर शर्यतीच्या होड्यांची पोरं पोट धरून हसली. त्यांच्यातलाच एक पोहत आला आणि त्यानं दोर हातात घेतले. आबांना त्याचं काही वाटलं नाही. ते बुटक्या खोलीत उतरले आणि वाकड्या भोंग्याखाली तोंड वर करून बसले. खालून त्यांचा आवाज आला, "येतंय! कंपोझिटर, येतंय रं!"

छपरावरचा भोंगा आम्ही परत बोटीवर लावणार होतो. पण गल्लीतली एक सून अवघडली होती, महिन्याभरात तिच्या सासूनं येऊन विचारलं, बाळंतपणाला ती खोली मिळेल का. आबांनी आम्हाला शेजारच्या दोन खोल्या दिल्या आणि ती तशीच ठेवली. नंतर आणखी बायका आल्या. दर पावसाळ्याआधी आबा तो उतरवून रिठ्यानं धुवायचे, मूठ दाबून बघायचे आणि शेंदराचा नवा हात देऊन परत चढवायचे. लढाई संपल्यावर मला साताऱ्याच्या छापखान्यात बोलावणं आलं आणि आम्ही सांगली सोडली. दोन वर्षांनी त्यांच्या एका भाडेकऱ्याचं पत्र आलं. ओसरीवर झोपेतच गेले होते. सासूबाईंनी गावाकडं त्यांचं सुतक धरलं. कुठलं नातं म्हणून, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

बारशाचं सांगायचं राहिलं.

ओटीवर बायका जमल्या होत्या, पाळणा सजवला होता. आबांना बोलावणं केलं होतं, पण ते परड्यात बोटीपाशी उगाच काहीतरी करत राहिले. बायकांच्या कामात आपलं काय, म्हणाले. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. मग सासूबाई उठल्या, त्यांनी पाळण्यातून पोर उचललं आणि मागच्या दारानं सरळ बाहेर निघाल्या. आठ दिवसांनी पाऊस उघडला होता आणि नदीकडून जोराचं वारं सुटलं होतं. दोरीवरची लुगडी फडफडत होती. बायका मागून म्हणाल्या, "अवो, टोपडं तरी बांधा!" त्यांनी ऐकलं नाही. पोरीचं डोकं उघडंच होतं. मी मागच्या दारात उभा होतो. त्या आबांपुढं जाऊन थांबल्या.

"आबा, घ्या हिला."

"हात रंगाचं हायत, आक्का."

"आसूंद्यात. घ्या."

आबांनी हात धोतराला पुसले. भाजल्याची कातडी अजून गुलाबी होती. त्यांनी पोरीला घेतलं, कसं धरायचं ते न कळल्यासारखं, दोन्ही तळव्यांवर. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, पोरीनं डोळे गच्च मिटले आणि ओठ काढला. आबांनी एकदा नदीकडं बघितलं, मग तिला छातीशी घेतलं आणि हळूच वळून वाऱ्याकडं पाठ केली.

सासूबाई म्हणाल्या, "आसूंद्या, आबा. लागूंद्या की तिला वाईच वारं."

"लागंल की, आक्का," आबा म्हणाले. "घाई काय हाय? वाईच मोठी हूंद्या."

आणि ती झोपेपर्यंत ते तसेच, पाठ करून उभे राहिले.